निरोप पोटात असताना

मेघाचा फोन आला तेव्हा संघपाल सोमकुवर एका माणसाला त्याची बायको गेल्याचं सांगून नुकताच जिन्याखालच्या आपल्या खोलीत येऊन बसला होता. खोली कसली, एक टेबल, दोन खुर्च्या, जुन्या फायलींचा ढिगारा आणि गार हवेपेक्षा आवाजच जास्त फेकणारा कूलर. बाहेर मे महिन्यातलं नागपूर भाजून निघत होतं. त्यानं बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. "बाबा, कामात आहात का?" मेघा पुण्याहून विचारत होती. कामात नव्हता, थकलेला होता. पण मुलीला फोनवर 'थकलोय' म्हणून सांगावं तर तिचे पुढचे दहा प्रश्न, म्हणून तो नुसतं "बोल" म्हणाला. गेले काही महिने तिनं घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. कोण कुठून आलं, कोण काय काम करायचं. नोकरी सांभाळून हा उपद्व्याप कशाला, असं त्याला वाटायचं, पण बोलायचा नाही. "तुमचं लिहून झालं, आजोबांचं झालं. पणजोबा काय काम करायचे हो?" "विणकर," तो लगेच म्हणाला. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द. त्याच्या बापानं, सुखदेवनं, तोच शब्द तसाच हातात दिला होता. "सगळे तेच सांगतात," मेघा म्हणाली, "पण मग आजी एकदा म्हणाली होती की पणजोबा दोन-दोन दिवस घरी नसायचे. विणणारा माणूस माग सोडून दोन दिवस जायचा कुठे?" संघपालच्या हातातली बाटली हातातच राहिली. साधा प्रश्न होता. छप्पन्न वर्षांच्या माणसाला तो आजवर पडला नव्हता, एवढंच. "आत्याआजीला विचारा ना बाबा. सांगणारी आता तीच एक उरली." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तिला अजून सांगितलं नाही ना?" "नाही," तो म्हणाला. "असं किती दिवस?" राऊंड आहे, असं खोटंच सांगून त्यानं फोन ठेवला. राऊंड डॉक्टरांचा असतो, त्याचा कधीच नव्हता.

तो या इस्पितळात रेकॉर्ड सांभाळायला लागला होता. कारकून म्हणून आला, कारकून म्हणूनच दोन वर्षांनी निवृत्त होणार. पण मधल्या काळात कधी कोण जाणे, हे दुसरं काम त्याच्या गळ्यात पडलं. डॉक्टर अर्धं इंग्रजीत, अर्धं घड्याळाकडे बघत सांगून निघून जायचे आणि माणसं कॉरिडॉरमध्ये तशीच उभी राहायची, काय झालं ते न कळलेली. मग सिस्टर म्हणायच्या, सोमकुवर साहेबांले बोलवा. तो यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, सांगायचा. बाहेरगावच्या नातेवाइकांना फोनही तोच करायचा, आणि फोनवर कधी खरं सांगायचा नाही. "पेशंट सिरियस आहे, लवकर या." माणूस गार पडून तास झालेला असायचा तरी तेच. रस्त्यात अपघात नको, धक्का नको, असं त्याचं म्हणणं. आणि त्यात काही खोटं आहे असं त्याला वाटेनासं झालं होतं. एक सवय मात्र जडली होती. सांगायच्या आधी त्याला घोटभर पाणी लागायचं. घशात काहीतरी अडकलेलं असायचं ते पाण्याबरोबर खाली जायचं आणि मग शब्द कसे मऊ, गुळगुळीत बाहेर पडायचे. लोक म्हणायचे, सोमकुवर साहेबांसारखं समजावून सांगणं कोणाला जमत नाही. आताशा घरी बायकोशी बोलतानासुद्धा त्याला आपला आवाज तसाच मऊ ऐकू यायचा, आणि शिसारी यायची.

आणि मग अंकुश. गोपिका आत्याचा, म्हणजे मेघाच्या आत्याआजीचा मुलगा, त्याचा आतेभाऊ. उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, हसरा, बोलघेवडा गडी. खोकत खोकत आला तो याच इस्पितळात, संघपालच्याच ओळखीनं दाखल झाला आणि बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेला. आत्याला त्याआधी महिनाभरच छातीचं दुखणं होऊन गेलं होतं. अंकुशची बायको जया भिंतीला टेकून बसली होती, तिचे भाऊ भोवती उभे, आणि सगळे संघपालकडे बघत होते, कारण असल्या वेळी काय करायचं ते त्यालाच ठाऊक. त्यानं घोटभर पाणी प्यायलं आणि म्हणाला, "आत्याले सांगू नका. थोडे दिवस जाऊ द्या, मी सांभाळतो." झालं. अंकुशला नागपुरातच घाटावर नेलं. मरणानंतरचा जलदान विधीही जयाच्या माहेरी उरकला. जयाच्या गळ्यातले काळे मणी गेले, त्यामुळे ती उमरेडला परतू शकेना. म्हातारी पहिल्यांदा गळाच बघेल. उमरेडच्या घरी आत्याजवळ फक्त नूपुर, अंकुशची मुलगी. ती पोर आजीला वाढायची, औषध द्यायची, आणि मोरीत नळ सोडून रडून यायची. आणि रोज संध्याकाळी आत्याचा फोन संघपालला. "कसा हाय गा अंकुश?" तो बाटली उचलायचा, घोट घ्यायचा. "बरा हाय आत्या. पण आयसीयूमध्ये फोन देत नाहीत." "जेवला?" घोट. "पेज घेतली थोडी." ती पुढं काही विचारायची नाही. बरं बापू, म्हणायची आणि फोन ठेवायची. मेलेल्या माणसाला तो रोज पेज पाजत होता. हे आठवलं की त्याला वाटायचं, आपण आता झोपावं आणि कोणी उठवू नये.

मेघाच्या प्रश्नानं त्याला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं होतं. नागपुरात इंदोऱ्यातली त्यांची गल्ली, तो आठवी-नववीत असेल. शेजारचे एक काका पहाटे वारले. त्यांची मुलगी पाचपावलीला दिलेली. तिला कळवायचं तर फोन कुठं होता तेव्हा कोणाकडे. कोणीतरी म्हणालं, संघपालजवळ सायकल आहे, जा रे बाबू. तो गेला. मुलगी अंगणात भांडी घासत होती. "काका गेले," तो म्हणाला, एवढंच, आणि ती राखेच्या हातानं त्याच्याकडे बघत राहिली. आपण मोठं काम केलं असं वाटून तो ऐटीत पायडल मारत घरी आला, तर दारात बाप उभा. मिलमधल्या पाळीवरून आलेला, अंगातल्या बंडीला अजून कापसाचे धागे चिकटलेले. सुखदेवनं पोराला जन्मात बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी असा कानाखाली आवाज काढला की संघपाल सायकलसकट पडला. "तुले कोणी सांगतलं होतं जाले? बाकीचे लोकं मेले होते का? ते आपलं काम नाही. समजलं? आपण विणकर आहोत. आपलं काम नाही ते." आई मध्ये पडली, बाप आत गेला, आणि ती गोष्ट तिथंच मिटली. रविवारी बाप त्याला गांधीबागेत घेऊन गेला, नवं शर्टपीस घेऊन दिलं, दुकानात कापड चिमटीत धरून दोन बोटांनी चोळून बघत दुकानदाराला उगाच म्हणाला, "आम्ही विणकर, आम्हाले कळते." बापाचं हे विणकरीचं खूळ आहे असंच पोराला वाटायचं. थप्पड मात्र लक्षात राहिली, आणि तिचा अर्थ कधी लागला नाही.

मेघाच्या फोननंतरच्या रविवारी तो उमरेडला निघाला. का चाललोय, असं त्यानं स्वतःला नीट विचारलंच नाही. मेघासाठी पणजोबांचं विचारून यायचं, असं त्यानं बायकोला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. स्टँडवरच जयाचा फोन आला. "भाऊजी, मेघा म्हणत होती तुम्ही उमरेडले जाऊन राहिले म्हणून. पाया पडते तुमच्या, सांगू नका. बुढीले काही झालं तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?" "नाही सांगत," तो म्हणाला. आणि बसमध्ये बसला. एसटी सुटली, खिडकीतून उन्हाची तापलेली लाय यायला लागली. डोक्याला दुपट्टा बांधलेल्या बाया, कोणाच्या तरी मांडीवर पिशवीतला कोंबडा, कंडक्टरचं वैतागलेलं बोलणं. बाटलीतलं पाणी अर्ध्या वाटेत तापलं आणि संपलं. मनात तो आतापासूनच वाक्यं जुळवत होता. डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस लागतील. तब्येत स्थिर आहे. स्थिर हा शब्द त्याला फार कामाचा वाटायचा, तो खोटाही म्हणता येत नाही. पण उमरेड जवळ येऊ लागलं तसा त्याला तो शब्द तोंडात जड वाटायला लागला. स्टँडवर उतरल्यावर पाण्याची बाटली घ्यावी म्हणून दुकानाकडे वळला, तर दुकान बंद. दुपारचं उमरेड झोपलेलं. तसाच तापल्या रस्त्यानं चालत गल्लीत शिरला. दारात बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायांनी त्याला ओळखलं, "जयभीम" म्हणाल्या आणि लगेच खाली बघितलं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सगळी गल्ली आत्यासाठी तोंड दाबून बसली होती, आणि दाबायला त्यानंच सांगितलं होतं.

नूपुरनं दार उघडलं. पोरीचे डोळे सुजलेले. "काका," ती पुटपुटली, "मले आता नाही होत जी." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाकी काय करणार. आत आत्या खाटेवर बसली होती, पाठीला उशी, दुखऱ्या टोंगळ्याचा पाय सरळ पसरलेला, शेजारी अंकुशनं घेऊन दिलेला लहानसा कूलर. नव्वदीला टेकलेली बाई, पण डोळे असे की माणसाला आरपार बघून घेतील. "कोण, संघपाल? अरे बाप्पा, एवढ्या उन्हाचा आला काहून? बस. नूपुर, पाणी आण वं भावजीले… नाही, काकाले. पाहा, काही सुधरत नाही मले आता." तो खाटेसमोरच्या खुर्चीवर बसला. नूपुरनं माठातलं पाणी आणून शेजारच्या स्टुलावर ठेवलं, स्टीलचा पेला काठोकाठ. पेल्याबाहेर लगेच थेंब जमले. त्याच्या घशाला अक्षरशः कोरड पडली होती. पेला उचलणार तोच आत्या म्हणाली, "कायले आला ते तं सांग." आणि ज्या सुरात ती म्हणाली त्या सुरानं त्याचा हात थांबला. "मेघानं पाठवलं," तो घाईनं म्हणाला, "ती आपल्या घराचं लिहून राहिली न. म्हणते, बुढा काय काम करे ते आत्याआजीले विचारा." त्यानं फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं, पेल्याशेजारी ठेवला. एखादं काम हाती असलं की बरं वाटतं. आत्या फोनकडे बघून हसली. "माह्या बापाचं? कोण विचारते आता त्याचं! सांग पोरीले, विणे. जाडंभरडं विणे, पासोड्या विणे. पण विणता विणता उठून जाये."

"कुठं जाये?" "गावात कोणी मेलं का पाटलाचा माणूस वस्तीच्या कडेले उभा राहून हाका मारे. धोंड्या, ऊठ! धोंडबा नाही म्हणत, धोंड्या. हातातला धोटा तसाच मागावर ठेवून बाप उठे. मेलेल्याच्या सोयऱ्याइले सांगाले जा लागे न. कुहीले, भिवापुरले, वेलतुरले. पायी. ऊन असो का पाणी. मरण त्याइच्या घरचं, पाय आपले. ते काम आपल्याच लोकाइचं होतं, दुसरं कोण करे?" तिनं गुडघा चोळला. त्याच्या डाव्या कानाजवळ काहीतरी गरम झालं होतं. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची थप्पड आत्ता कुठे लागली होती. बाप मिलमध्ये गेला, पोराला शिकवलं, पोरगं सायकलवर बसलं आणि पहिलं काम केलं ते हेच. आणि पुढं आयुष्यभर, पंख्याखाली बसून, पगार घेऊन, गळ्यात ओळखपत्र अडकवून त्यानं केलं काय? बाप जिवंत असता तर त्या जिन्याखालच्या खोलीत येऊन त्यानं काय केलं असतं, याचा विचार करून त्याला हसू यायला लागलं. "जाताना काठी उलटी धरे," आत्या सांगत होती, "जाड टोक खाली. वावरातल्या बाया दुरूनच पाहेत. उलटी काठी दिसली का हातातलं इळं खाली ठेवून देत. कोणाच्या दारी जाते ते पाहात उभ्या राहात. बाप दारासमोर जाये, दूर उभा राहे, बसे नाही. आन पाणी पेये नाही." "काहून?" "निरोप पोटात असतानी पाणी नाही पेयाचं. नदी लागो, झरा लागो, ओठ नाही भिजवाचे. बाप म्हणे, पाणी पेलं का निरोप पातळ होते. मंग माणूस सांगते, बिमार हाय, जरा येऊन जा. तसं नाही सांगाचं. मेला तं मेला सांगाचं. ज्याचं माणूस गेलं त्याले साफ समजलं पाह्यजे, त्याचं हाय ते. पातळ करणारा तू कोण, असं म्हणे."

कूलर घरघरत होता. स्वयंपाकघराच्या दारात नूपुर उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. "आन सांगून झाल्यावर?" त्यानं विचारलं. आवाज त्याचाच, पण मऊ नव्हता, खरखरीत निघाला. "सांगून झाल्यावर कोण देते पाणी? ते रडतील का याले पाजतील? आन पाजाचं म्हटलं तरी कशात पाजतील? विहिरीले तं शिवू देत नव्हते. तसाच वापस ये, कोरडा. मी लहान होती. माय मले गडवा भरून दारात उभी करे. दिसला का मी पुढं जाऊन देवो. एका दमात पे. गडवा रिकामा झाला का मंग उंबऱ्यावर बसून रडे. कोण मेलं त्याचं, काहीच नाही, त्यानं कधी जेवू घातलं नसंल बापाले. तरी रडे." ती खिडकीकडे बघत होती. "मंग नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, आन दुसऱ्याच दिवशी काठी चुलीत घातली. पाटलाचा माणूस आला, हाका मारून मारून गेला. बाप माग चालवत बसला, अजून जोरानं खटखट खटखट. तेवढंच तुया बापानं धरलं, का आपण विणकर. त्याले लाज वाटे बाकीच्याची. मी म्हणो, सुखदेवा, लाज आपल्याले काहून वाटाव गा? हाका मारणाऱ्याले वाटाव. बाप माहा निरोपात कधी खोटं नाही बोलला, हे बी लिही म्हणा पोरीले."

संघपालनं हात पुढं करून फोनचं रेकॉर्डिंग बंद केलं. हे पुढचं मेघासाठी नव्हतं. आत्याची नजर खिडकीवरून पेल्यावर आली आणि तिथंच थांबली. पेल्याभोवती स्टुलावर पाण्याचं वर्तुळ झालं होतं. "पाणी तसंच राह्यलं तुयं," ती म्हणाली. "पे ना गा. एवढ्या उन्हाचा आला." अगदी साध्या आवाजात म्हणाली. पण बघत होती ती पेल्याकडे नव्हे, त्याच्या गळ्याकडे. त्यानं पेला उचलला. पाण्याचा गारवा बोटांना लागला. एक घोट, फक्त एक, आणि सगळे शब्द जागच्या जागी होते: स्थिर आहे, थोडे दिवस लागतील, पेज घेतो. जया तिकडे जीव मुठीत धरून बसली होती. म्हातारीचं काळीज आत्ताच सावरलं होतं. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, संघपालनं मारली. इतकी तहान त्याला आयुष्यात लागली नव्हती. पेला ओठांपर्यंत गेला. स्वयंपाकघरातून नूपुरचा दबलेला हुंदका आला. आत्यानं तिकडे मान वळवलीसुद्धा नाही.

त्यानं पेला खाली ठेवला आणि उभा राहिला. बसून सांगता येईना. दोन पावलं मागं सरकला, पाठ दाराच्या चौकटीला लागली.

"आत्या, अंकुश मेला."

आत्यानं विचारलं, "कधी?" "बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सकाळी. मी जवळ होतो." "तरास झाला?" नाही म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. वीस वर्षं तो सगळ्यांना नाहीच म्हणत आला होता. अगदी शांत गेले, झोपेतच. "झाला," तो म्हणाला. "शेवटी लय झाला. श्वास पुरे नाही. तुयं नाव घेतलं त्यानं दोनदा." म्हातारीनं डोळे मिटले, उघडले. "मी रोज खोटं बोललो, आत्या. जयानं नाही, मीच सांगतलं सगळ्याइले, का तुले कळू देऊ नका." "मले मालूम होतं," ती म्हणाली. "फोनवर रोज तुया घोट घेयाचा आवाज ये. पयले घोट, मंग बरा हाय. घोट, मंग पेज पेला. मले पयल्याच दिवशी समजलं." "मंग विचारलं काहून नाही वं?" त्याचा आवाज फुटला. "विचारलं असतं तं तू अजून एक घोट घेतला असता. सांगणाऱ्यानं येऊन सांगाव लागते, बापू. समजलं तरी आपल्या मनानं रडता येत नाही. माहा पोरगा गेला आन मी इतके दिवस भाकरी खात बसली. पोट्टी मोरीत रडे, मी इथं आयकत बसो. तिले जवळबी घेता नाही आलं मले."

मग तिनं खाटेची कड धरली आणि उठली. नूपुर धावली, तर तिला हातानं दूर केलं. दुखरा टोंगळा ओढत माठापाशी गेली, फळीवरून जुना पितळी गडवा काढला, धुतला, भरला. भिंत धरत धरत, पाणी सांडत, दाराशी आली. संघपाल पुढं होऊन धरायला गेला तर म्हणाली, "तिथंच राह्य." जवळ येऊन तिनं गडवा त्याच्या हातात दिला. "घे. आता पे. एका दमात पे." तो प्यायला. पाणी हनुवटीवरून, शर्टावरून ओघळत गेलं, छातीत गार कळ आली, तरी तो थांबला नाही. गडवा रिकामा झाला तसं आत्यानं नूपुरला जवळ ओढलं, तिला घेऊन उंबऱ्यावर बसली, आणि "अंकुशा गा," म्हणून असा हंबरडा फोडला की समोरच्या घराचं दार उघडलं. मग शेजारचं. मग गल्लीच्या टोकापर्यंतची. इतके दिवस तोंड दाबून बसलेल्या बाया पदर सावरत धावत येऊ लागल्या. संघपाल रिकामा गडवा हातात धरून दारातच उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. बायांना आत्यापर्यंत जाता यावं म्हणून तो थोडा बाजूला सरकला.